आढ्याचं पाणी वळचणीला: होळी ते वळीव, घाटमाथ्यावरच्या घराची कामं कुठल्या क्रमानं करावीत?

उंबरठा | १० मार्च, सकाळी ७:४०

महाबळेश्वर-जावळी पट्ट्यात होळी पेटली की हातात जेमतेम दोन-अडीच महिने उरतात. एप्रिलच्या मध्यापासून वळीव कधी गाठेल याचा नेम नाही आणि जूनमध्ये पाऊस बसला की सप्टेंबर संपेपर्यंत शिडी लावायची सोय नाही.

घर असं आहे: जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, ३० बाय ३० फूट, वळचण चारी बाजूंना ३ फूट बाहेर. मागं पाच गुंठ्यांची परसबाग, वर डोंगरात झरा, त्यावरून पाईपने पाणी. कामं पाच: शाकारणी (कौलं उतरवून, साफ करून पुन्हा बसवणं), चुना, झरा, बाग, आणि वणव्यासाठी घराभोवतीचं गवत काढणं. माझं मत: वरून खाली यावं. आधी छप्पर, मग भिंती, मग जमीन. जाणकारांनी सांगावं, यात कुठं चुकतंय?

कौलारू | १० मार्च, ९:१५

वरून खाली बरोबर. छपरापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथंच होतात.

आधी हिशोब. ३० बाय ३० ला वळचण धरून ३६ बाय ३६, म्हणजे १२९६ चौरस फूट. उतार ३५ अंशांचा धरला तर छपराचं क्षेत्रफळ सव्वापटीच्या जरा आत जातं, साधारण १५८० चौरस फूट. एका ब्रासला, म्हणजे १०० चौरस फुटांना, १४० कौलं लागतात. सोळा ब्रास धरा, सव्वादोन हजार कौलं झाली. फुटतूट म्हणून दीड-दोनशे जास्तीची आणा, पण त्याच साच्याची. आणताना जुनं कौल सोबत न्या. कारखाना बदलला की खाच अर्ध्या सुतानं इकडेतिकडे होते आणि नवं कौल जुन्यात बसल्यासारखं दिसतं, पण बसत नाही. आषाढात तिथूनच गळतं.

सगळी कौलं एकदम उतरवू नका. आढ्यापासून वळचणीपर्यंत चार-चार फुटांचा पट्टा घ्या. रोज संध्याकाळी तेवढा पट्टा झाकूनच खाली उतरायचं. वळीव विचारून येत नाही.

उतरवलेलं प्रत्येक कौल बोटाच्या पेरानं वाजवा. खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर आत तडा आहे. शंका असेल ते कौल वजन करून रात्रभर पाण्यात ठेवा आणि सकाळी पुन्हा तोला. अडीच किलोचं कौल अर्ध्या किलोहून जास्त पाणी प्यायलं तर ते गोठ्यावर घाला, घरावर नको. हे का महत्त्वाचं, तर सव्वादोन हजार कौलांचं कोरडं वजनच साडेपाच टन भरतं. प्रत्येक कौलानं १५ टक्के पाणी धरलं की वाशांवर आठशे किलो जादा बसतात, तेही चार महिने.

कौलं काढल्यावर खरं काम वाशांचं. वासा भिंतीवर जिथं टेकतो तिथं पेचकस टोचून बघा. अर्धा इंच सहज आत गेला तर तो वासा बदलायचा. वरून रंग देऊन भागत नाही.

पागोळी | १० मार्च, ११:०२

कौलांच्या कडेच्या खाचेत शेवाळ वाळून बसतं, ते कोरडं असतानाच तारेच्या ब्रशनं काढा. गळतीचं निम्मं कारण फुटकं कौल नसतं, ही भरलेली खाच असते. पाणी खाचेतून खाली जायचं ते बाजूला चढतं आणि रिपेवर, म्हणजे कौलं ज्या आडव्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, उतरतं. ॲसिडनं धुऊ नका. कौलाची भाजलेली पाठ खरवडली जाते आणि पुढच्या वर्षी दुप्पट शेवाळ धरतं.

वळचणीच्या खालच्या दोन ओळी आणि दोन्ही टोकांच्या कडा तारेनं बांधाच. कौलाच्या पोटाला भोक असलेली कळी असते, ती त्याचसाठी. १८ गेजची जस्ताची तार.

वाईदेश | १० मार्च, १:३०

एवढा खटाटोप करण्यापेक्षा कौलांखाली प्लास्टिकचा कागद अंथरला की गळतीची चिंता मिटते. हल्ली बरेच जण करतात.

कौलारू | १० मार्च, २:१०

वाईदेश, वाईत कदाचित चालून जाईल. घाटमाथ्यावर नको. कौलारू छप्पर फटींतून श्वास घेतं. आतली वाफ वर जाऊन फटींतून निघते. कागद घातला की तीच वाफ कागदाच्या पोटाला थेंब होऊन लागते आणि रिपांवर पडते. वरून गळणारा कागदावरून वाहून रिपेशी साठतो तो वेगळाच. तीन-चार पावसाळ्यांत रिपा हातानं चुरतात आणि तोवर खालून काही दिसत नाही. कौल गळलं तर निदान थेंब कुठं पडतोय ते कळतं.

घालायचाच असेल तर वाशांवर आधी उभ्या पट्ट्या, त्यांच्यावर आडव्या रिपा, म्हणजे कागद आणि रिपा यांच्यात इंचभर वाट राहते. पण त्यासाठी अख्खं छप्पर उचलावं लागतं.

मेढेघाट | १० मार्च, ४:४५

कौलारू यांच्याशी सहमत. एक जोड: ज्या घरात अजून चूल पेटते त्या घराचे वासे बघा, काळेभोर आणि टणक. धुरानं भुंगा लागत नाही. गॅस आल्यापासून वासे लवकर पोखरायला लागलेत. चूल नसेल तर कौलं उतरवली असतानाच वाशांना काजूच्या टरफलाचं तेल लावून घ्या, दोन हात. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच, बिब्ब्यासारखं उततं.

चुनकळी | १० मार्च, रात्री ९:२०

आता भिंती. धागाकर्त्यांनी क्रम बरोबर लावलाय, पण छप्पर आणि चुना ही दोन कामं वेगळी समजू नका. त्रिकोणी भिंतीला चुना लावायला परांची लागतेच. तीच परांची वळचणीच्या दोन ओळी बांधायला वापरा. दोनदा बांधणं म्हणजे दोनदा मजुरी.

चुन्याचं माप: ५ किलो चुनकळीला (न विरवलेल्या चुन्याला) २५ लिटर पाणी. आधी पाणी, मग चुनकळी. उलटं केलं तर चुना उसळून तोंडावर उडतो. डोळ्यांना चष्मा हवा, आणि प्लास्टिकची बादली नको, वितळते. लोखंडी पिंप घ्या. २४ तास विरू द्या, जुन्या सुती साडीतून गाळा, गरम पाण्यात विरघळवलेला ५० ग्रॅम डिंक घाला. नीळ आवडीप्रमाणं.

दुधाइतका पातळ हवा. दाट लावला की पहिल्या उन्हात पोपडे सुटतात. एका दाट हाताऐवजी तीन पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर पुढचा. भिंत उन्हानं तापलेली असेल तर आधी पाण्याचा हलका हात मारा, नाहीतर भिंत चुन्यातलं पाणी ओढून घेते आणि चुना पीठ होऊन बोटाला लागतो.

आणि कृपा करून जांभ्याला सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट लावू नका. जांभा सच्छिद्र दगड आहे. पावसाळ्यात पाणी पितो, उन्हाळ्यात सोडतो. बाहेरून तोंड बंद केलं की ते पाणी आतल्या बाजूनं निघतं. मग आतल्या भिंतीला लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो आणि दोष बिचाऱ्या दगडाला. दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, त्यासुद्धा चुन्यानंच भरा, एक भाग चुना, तीन भाग वाळू.

उंबरठा | ११ मार्च, सकाळी ६:५५

परांचीचं लक्षातच आलं नव्हतं, धन्यवाद. नैऋत्येच्या भिंतीला पावसाळ्यात झडीचा थेट मार बसतो. तिथं चुना टिकतो का?

पागोळी | ११ मार्च, ८:३०

नुसता चुना नाही टिकत. त्या बाजूला बांबूच्या चौकटीवर गवताची तट्टी हवीच. मेच्या शेवटी बांधायची, दसऱ्याआधी सोडायची. भिंतीला चिकटवून बांधू नका, चार बोटं अंतर ठेवा, म्हणजे मागून वारा फिरतो. पत्रा लावणार असाल तरी तेच अंतर. गवत आत्ताच, कोरडं असताना कापून बाजूला काढा. मेपर्यंत जनावरं काही शिल्लक ठेवत नाहीत.

वळचणीखाली जिथं पागोळ्या पडतात तिथं हातभर रुंद, वीतभर खोल चर काढून खडी भरा. उघड्या मातीवर पागोळी पडली की लाल शिंतोडे दीड फूट उडतात. भिंतीचा पाया पावसानं जेवढा भिजत नाही तेवढा या शिंतोड्यांनी भिजतो.

जावळीकर | ११ मार्च, १०:१२

सगळं वाचलं. क्रमाला माझा ठाम विरोध आहे.

छप्पर पहिलं नाही. गवत पहिलं. फाल्गुन-चैत्रात डोंगर वाळून काडी झालेला असतो आणि वणवा कुणाच्या शाकारणीसाठी थांबत नाही. पुन्हा परांचीचे बांबू, गवताची तट्टी, नव्या रिपा, सगळं ज्वलनशील सामान तुम्ही घराभोवती मांडणार. ते मांडायच्या आधी भोवती जागा मोकळी हवी.

आग चढावर धावते, उतारावर रेंगाळते. म्हणून चारी बाजूंना सारखं गवत काढून उपयोग नाही. वरच्या अंगाला आणि बाजूंना १० फूट पुरे, पण दरीच्या अंगाला किमान ३० फूट हवं. गवत मुळापासून काढा, नुसतं कापलं तर खुंट पेटतो. पालापाचोळा खरडून बाहेर ओढा, जाळू नका. गवताची गंजी घरापासून ३० फुटांवर. आणि पन्हळीतला पाला! ठिणगी उडून येते ती थेट पन्हळीत पडते आणि तिथून वासा पेटतो.

रानवाट | ११ मार्च, ११:४०

+१. आणि "जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं" हे डोक्यातून काढायला हवं. कोवळं हिरवं लवकर दिसतं एवढंच. बी जळतं, रोपटी जळतात, आणि उघडी पडलेली माती पहिल्या पावसात ओढ्यात जाते.

मेढेघाट | ११ मार्च, १२:२५

वणव्यांतले कितीतरी राब भाजताना सुटतात, हेही बोललं पाहिजे. नाचणी-भाताच्या रोपांसाठी फांद्या, शेण, गवत पसरून जमीन भाजायची आपल्याकडची जुनी पद्धत. ती उगीच नव्हती: तणाचं बी मरतं, राख मिळते. पण तेच काम पारदर्शक प्लास्टिकनं होतं. एप्रिलमध्ये वाफा भिजवा, २५ मायक्रॉनचा पारदर्शक कागद ताणून अंथरा, कडा मातीत गाडा, चार ते सहा आठवडे ठेवा. काळा कागद नको, पारदर्शकच. ऊन आत शिरलं तर माती तापते. मग एक मीटर रुंद, वीतभर उंच गादीवाफा करा. एकरभर नाचणीच्या लावणीला दोन किलो बी पुरतं, त्यासाठी डोंगरभर झाडांच्या फांद्या तोडायची गरज नाही.

उंबरठा | ११ मार्च, १:०५

जावळीकर, मान्य. क्रम बदलला: गवत पहिलं. आता झऱ्याचं सांगा. पाणी गेल्या पंधरवड्यात बारीक झालंय. तोंड जरा खोल खोदून घ्यावं असं चाललंय.

झुळझुळ | ११ मार्च, १:२०

खोदू नका! आधी हे वाचा.

आपल्या डोंगरांत वर जांभ्याची टोपी, खाली काळ्या दगडाचे थर, आणि थरांच्या मधे लाल किंवा पांढरट चिकणमातीचा पट्टा असतो. जांभ्यातून झिरपलेलं पाणी या मातीवर अडतं आणि आडवं सरकत डोंगराच्या कडेला बाहेर येतं. तोच झरा. म्हणजे तो मातीचा पट्टा ही तुमच्या झऱ्याची थाळी आहे. तोंडाशी पहार मारून ती फोडली की पाणी खाली जातं, आणि दोनशे फूट खालच्या कुणाच्या तरी शेतात निघतं किंवा निघतच नाही. सुरुंग तर विसराच.

करायचं काय: टाकीतला गाळ खोऱ्यानं नाही, हातानं आणि घमेल्यानं काढा. तोंडाशी आलेली मुळं करवतीनं कापा, ओढू नका. टाकीला झाकण आणि पाईपच्या तोंडाला जाळी. वरच्या अंगाला चर काढून पावसाचं गढूळ पाणी बाजूला वळवा.

मग मोजा. १० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते तीनदा मोजून सरासरी काढा. ४० सेकंद लागले तर मिनिटाला १५ लिटर, दिवसाला २१,६०० लिटर. दर आठ दिवसांनी, त्याच वेळी, भिंतीवर लिहून ठेवा. दोन वर्षांचे आकडे झाले की मेअखेर किती उरेल ते मार्चमध्ये सांगता येतं आणि बागेत काय लावायचं ते त्यावरून ठरतं. "पाणी बारीक झालंय" यावरून काही ठरत नाही.

गाळ काढल्यावर टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर): हजार लिटरला अडीच ग्रॅम, आधी बादलीत कालवून, खाली बसलेला चोथा टाकून वरचं पाणी टाकीत. तासभर थांबून मग वापरा. पावडरीचा डबा उघडा राहिला की तिचा दम जातो, म्हणून लहान डबे घ्या.

सातेरी | ११ मार्च, संध्याकाळी ७:५०

छपराच्या कामात मधमाश्यांचा उल्लेख कुणीच केला नाही. फाल्गुन-चैत्र म्हणजे जांभूळ, हिरडा, गेळा आणि नंतर अंजनी फुलायचे दिवस, माश्या ऐन कामावर. आढ्याच्या पोकळीत किंवा जांभ्याच्या भोकात सातेरीचं पोळं निघण्याची शक्यता भरपूर. धूर करून जाळू नका. सातेरी गरीब माशी, संध्याकाळी ओळखीच्या मधपाळाला बोलवा, तो पोळ्याच्या फण्या चौकटीला बांधून पेटीत भरतो. महाबळेश्वरातच मध संचालनालय आहे, आणि मांघर तर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. माणसं शोधावी लागत नाहीत.

झाडावर आग्या मोहोळ असेल तर मात्र ते उठून जाईपर्यंत त्या बाजूला परांचीच बांधू नका. ठोकण्याच्या आवाजानं उठतं.

पेटी ठेवणार असाल तर स्टँडच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी. मधाच्या कोठीतली फणी पाऊणभर मेणानं बंद झाल्याशिवाय मध काढू नका, ओला मध आंबतो. खालच्या कोठीतल्या मधाला हात लावायचा नाही, पावसाळ्यात माश्यांचं तेच रेशन.

वाईदेश | १२ मार्च, सकाळी ८:१५

कागदाबद्दल कौलारूंचं म्हणणं पटलं. आता बागेबद्दल माझ्या बाजूचं: अक्षय तृतीयेला हळद आणि आलं लावून टाका. ३०-४० ग्रॅमचा गड्डा, दोन डोळे तरी असलेला, सरीच्या माथ्यावर दोन-तीन इंच खोल. आमच्याकडे डोळे मिटून येते.

रानवाट | १२ मार्च, ९:००

वाईला येते, महाबळेश्वरच्या माथ्यावर कंदकूज. माथ्यावरचा पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर आहे. पाचगणी वीसेक किलोमीटरवर, तर तिथं त्याच्या निम्म्याहूनही बराच कमी. "सातारा जिल्ह्यात काय लावावं" असा एक सल्ला असूच शकत नाही. माथ्यावर लावायचीच तर एक फूट उंच वरंब्यावर, उताराच्या दिशेनं सरी, आणि घरापुरती.

परसबागेसाठी आत्ताचं मुख्य काम स्ट्रॉबेरीचं. एप्रिलअखेर फळ संपतं. निरोगी पाच-सहा झाडं निवडा, त्यांची फुलं खुडून टाका. जे धागे (जमिनीवर सरपटणारे फुटवे) सुटतील त्यांची पहिली गाठ माती-शेणखताच्या पिशवीवर टेकवून तारेच्या आकड्यानं दाबा. तीन आठवड्यांत मुळं धरते, मग धागा कापा. ही रोपं पावसाळाभर प्लास्टिकच्या छपराखाली ठेवायची, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावायची. दोन हंगामांनंतर मात्र नवी मातृरोपं आणा. रोग रोपासोबत पुढं जातात आणि फळ बारीक होत जातं.

उंबरठा | १२ मार्च, ९:४०

दारापुढं हायड्रेंजिया आहेत, कायम निळे फुलणारे. भिंतीलगतचे दोन गेल्या वर्षीपासून गुलाबी होतायत. खत बदललेलं नाही. कशानं?

चुनकळी | १२ मार्च, ९:५२

भिंतीला चुना कधी लावला होता?

उंबरठा | १२ मार्च, ९:५८

दोन वर्षांपूर्वी.

चुनकळी | १२ मार्च, १०:१०

मग उत्तर त्यातच आहे. जांभ्याची माती आम्ल, त्यात ॲल्युमिनियम मुळांना मिळतं, म्हणून फूल निळं. चुन्याचे ओघळ आणि सांडलेली बादली मुळाशी गेली की माती अल्कधर्मी होते, ॲल्युमिनियम बांधलं जातं, फूल गुलाबी. या वेळी चुना लावण्याआधी भिंतीपासून चार फुटांपर्यंत ताडपत्री अंथरा आणि बादल्या मोरीत नाही, परड्याबाहेर धुवा. वरची वीतभर माती काढून जंगलाकडची जांभ्याची माती घाला. निळा रंग यायला एखाद-दोन वर्षं लागतील.

स्वयंपाकघर | १२ मार्च, ११:३०

क्रमात वाळवणाची जागा कुणी ठेवलीच नाही! कौलं उतरवली की वर्षाची काजळी आणि जळमटं खाली येतात, पाठोपाठ चुन्याची धूळ. त्या आठवड्यात अंगणात कुरडया घातल्या तर गेल्याच. गहू भिजत घालून रोज पाणी बदलायचं, तीन दिवस. म्हणजे चुन्याचा शेवटचा हात ज्या दिवशी, त्याच दिवशी गहू भिजवा. चौथ्या दिवशी अंगण झाडून सारवलेलं आणि चीक तयार. घाटमाथ्यावर एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यानंतर दुपारनंतर ढग येतात, त्यामुळे वाळवण सकाळी नऊला पसरायचं आणि तीनला उचलायचं.

कौलारू | १२ मार्च, १२:०५

स्वयंपाकघरताई, हे सगळ्यात महत्त्वाचं राहिलं होतं. सरपणही धरा त्यात. चुन्यानंतर, वळिवाआधी. जमिनीपासून वीतभर उंच दगडांवर रचायचं, भिंतीला लावून नाही, नाहीतर वाळवी सरपणातून थेट वाशात चढते.

उंबरठा | १२ मार्च, संध्याकाळी ६:३०

सगळ्यांचं धरून नवा क्रम लावलाय, बघा:

या आठवड्यात दरीच्या अंगाचं गवत ३० फूट, बाकी १० फूट, तट्टीसाठी लागणारं गवत बाजूला. पन्हळ साफ. झऱ्याचं पहिलं माप. पुढच्या आठवड्यात आढ्यात आणि भिंतीत माश्या आहेत का ते बघणं, मग परांची. गुढीपाडव्याच्या आसपास शाकारणी पट्ट्यापट्ट्यानं, दहा-बारा दिवस. परांची न सोडता चुना. तिसऱ्या हाताच्या दिवशी गहू भिजत, पाठोपाठ सरपण. एप्रिलच्या मध्याला झऱ्याचा गाळ, स्ट्रॉबेरीचे धागे, वाफ्यावर कागद. मेमध्ये खडीचा चर, शेवटी तट्टी.

झुळझुळ | १२ मार्च, ७:१५

झऱ्याचा गाळ एप्रिलच्या मध्यापर्यंत ठेवू नका, याच पंधरवड्यात काढा. चुना विरवायला, भिंत भिजवायला, वाफा भिजवायला पाणी लागणार. पाणी सगळ्यात कमी असताना टाकी रिकामी केली तर ती पुन्हा भरायला दिवस जातो आणि गढूळ पाणी निवळायला आणखी दोन.

जावळीकर | १२ मार्च, ७:४०

आणि गवत काढताना झऱ्याच्या वरची झाडं-झुडपं साफ करू नका, फक्त वाळलेलं गवत. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणसंवेदनशील आहे, झाडाला हात लावायचा तर परवानगी लागते. परांचीचे बांबूही बाजारातून आणा.

पागोळी | १२ मार्च, ८:०५

एक बारीकसं. शाकारणी झाली की पावसाची वाट बघू नका. आढ्यावर पाईप सोडून एका उतारावर दहा मिनिटं पाणी वाहू द्या, आत एकानं विजेरी घेऊन उभं राहायचं. जिथं रिप ओली दिसेल तिथं खडूनं खूण. परांची अजून उभी असेल त्याच दिवशी हे करा.